परिशिष्टातलं सत्य

‘बफी द व्हॅम्पायर स्लेयर’ ही अमेरिकन मालिका १९९७ ते २००३ या काळात सात पर्वं चालली. पिशाच्चांशी लढायची जबाबदारी अंगावर येऊन पडलेल्या एका शाळकरी मुलीची ती गोष्ट. मालिका संपल्यावर २००७ मध्ये तिचा कर्ता जॉस व्हीडन याच्याच देखरेखीखाली ‘डार्क हॉर्स’ या प्रकाशनसंस्थेने कॉमिकच्या रूपात आठवं पर्व सुरू केलं. चाळीस अंकांचं ते पर्व २०११ मध्ये संपलं. कॉमिकमध्ये जे घडलं ते खरोखर घडलं असं मानायचं का, यावर चाहते तेव्हापासून भांडत आले आहेत. बाहेरच्याला हा वाद पोरकट वाटेल. जे मुळात कल्पितच, त्यात खरं-खोटं कसलं? पण ग्रंथ प्रमाण कोण ठरवतं, त्याचा कर्ता की त्याला मानणारे, हा धर्मपरंपरांना पडलेला जुना प्रश्नच इथे वेगळ्या वेषात उभा आहे. माझं म्हणणं असं, की कर्त्याच्या सहीने गोष्ट प्रसिद्ध होते, प्रमाण होत नाही. वाचणारे जेव्हा तिचे परिणाम पत्करतात, पुढचं सगळं तिला धरून समजून घेतात, तेव्हाच ती प्रमाण होते.

सहीवर भरवसा ठेवणाऱ्यांना या मालिकेचाच इतिहास अडचणीत आणतो. ब्रायन लिंच या लेखकाने ‘स्पाइक: असायलम’ हे परवान्यावर निघालेलं कॉमिक लिहिलं, तेव्हा मूळ कथेशी त्याचा संबंध आहे असं फारसं कुणी धरलं नव्हतं. त्यात बेटा जॉर्ज नावाचा, हवेत तरंगणारा आणि मनानेच बोलणारा एक मासा आहे. पुढे २००७ मध्ये व्हीडन आणि लिंच यांनी मिळून ‘एंजल: आफ्टर द फॉल’ या कॉमिकचं कथानक रचलं आणि तोच मासा अधिकृत कथेत दाखल झाला. मग त्याचा आधीचा भूतकाळही खरा झाला का? सही याचं उत्तर देत नाही, वाचकालाच ते द्यावं लागतं. कार्टूनचा प्रकार तर याहून विलक्षण. बफीची ॲनिमेटेड मालिका आखली गेली, पण कोणत्याही वाहिनीने ती घेतली नाही. तिचा जेमतेम काही मिनिटांचा नमुना २००८ मध्ये बाहेर फुटला. त्याच वर्षी आठव्या पर्वाच्या विसाव्या अंकात बफी झोपेत पुन्हा शाळेत जाते आणि ते स्वप्न त्या न झालेल्या कार्टूनच्या रेषांत काढलेलं आहे. जे कधी प्रसारितच झालं नाही, त्याला कथेत स्वप्नाची जागा मिळाली. घटना म्हणून ते खोटं आहे, बफीची ओढ म्हणून खरं आहे. ‘आत’ आणि ‘बाहेर’ एवढे दोनच कप्पे करणाऱ्यांना हा अंक ठेवायला जागा सापडत नाही.

अशी तिसरी जागा आपल्या परंपरेला चांगली ठाऊक आहे. हरिवंश हे महाभारताचं खिल, म्हणजे परिशिष्ट. तरीही गोकुळातला बाळकृष्ण, ज्याच्यावर भक्तीचा एवढा पसारा उभा राहिला, तो त्या परिशिष्टात भेटतो. महाभारताच्या मूळ कथेतला कृष्ण आपल्याला भेटतो तो थोरपणीच. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९६६ मध्ये महाभारताची चिकित्सक आवृत्ती पूर्ण केली. व्यासांनी सांगावं आणि गणपतीने लिहून घ्यावं ही कथा तिच्या मुख्य संहितेत नाही, तिला परिशिष्टात जागा मिळाली. संशोधकांचा निर्णय पुराव्याला धरून होता, आणि तरीही त्या कथेचं प्रेम तसूभरही कमी झालं नाही. ख्रिस्ती परंपरेतही याच्याशी जुळणारं घडलं. नव्या कराराच्या सत्तावीस पुस्तकांची आजची यादी बिशप अथनेशियसच्या इ. स. ३६७ च्या पत्रात मिळते, पण त्यातली बहुतेक पुस्तकं चर्चमध्ये त्याच्या कितीतरी आधीपासून वाचली जात होती. आधी स्वीकार झाला, यादी मागाहून आली.

यावर वजनदार आक्षेप येतो तो असा: मग ज्याला जे आवडेल ते त्याने खरं मानावं, नावडतं गाळावं, आणि चाहत्याने रात्री बसून लिहिलेली गोष्टही तितकीच प्रमाण! हा आक्षेप स्वीकार आणि आवड यांची गल्लत करतो. आठव्या पर्वाच्या शेवटाकडे ट्वायलाइट या शक्तीने झपाटलेला एंजल, म्हणजे बफीचा एकेकाळचा पिशाच्च प्रियकर, तिच्या गुरूची, जाइल्सची, मान मोडून त्याला ठार मारतो. हे आवडलेला चाहता क्वचितच सापडेल. पण मालिकेच्या दुसऱ्या पर्वात, १९९८ मध्ये, आत्मा हरवलेल्या याच एंजलने जाइल्सच्या प्रेयसीला, जेनी कॅलेंडरला, नेमकं असंच मारलं होतं. कॉमिकने केलेला घाव जुन्या जखमेवर बसतो. जाइल्सने ज्याला कधी मनापासून क्षमा केली नाही त्याच्याच हातून तो जातो, आणि हे वाचल्यावर दुसरं पर्व पूर्वीसारखं पाहता येत नाही. मूळ कथा हे ओझं पेलते, उलट त्याने अधिक खोल होते. असं कारण पुढे ठेवता येतं, त्यावर दुसऱ्याला वाद घालता येतो, म्हणूनच स्वीकार ही मनमानी ठरत नाही.

हीच कसोटी लावली तर पुढच्या ‘एंजल अँड फेथ’ या कॉमिकमध्ये जाइल्सला लहान मुलाच्या देहात परत आणलं, ते मला मान्य होत नाही, त्यावर व्हीडनच्या देखरेखीची मोहर असली तरी. सहाव्या पर्वात बफी मेलेली परत आली, तेव्हा स्वर्गातून ओढून काढल्याचं दुःख तिने वर्षभर भोगलं आणि प्रेक्षकांनीही तिच्याबरोबर भोगलं. जाइल्सच्या परतण्याची किंमत बरीचशी विनोदातच फिटते आणि त्याच्या मृत्यूने जे कमावलं होतं ते सैल पडतं. त्याचा मृत्यू मी कथेत धरतो. त्याचं परतणं आवडीने वाचतो, पण परिशिष्टात ठेवतो.