रोगाचा विषाणू आणि विजेची बॅटरी



मुळातच वाईट असे जगात काही आहे का? हा प्रश्न तत्त्वज्ञानाच्या वर्गातला वाटेल. पण पिकावर रोग पडला, घरात आजारपण आले की आपण सगळेच तो विचारतो. 'देवाने हे निर्माण तरी कशाला केले?' असे शब्द सहज तोंडून निघतात. एका विषाणूच्या निमित्ताने आज या प्रश्नाकडे पाहू या.

तंबाखूच्या पानांवर फिकट व गडद हिरवे डाग पाडणारा मोझॅक नावाचा रोग आहे. टोमॅटो आणि मिरचीलाही तो सोडत नाही. १८९२ साली रशियन शास्त्रज्ञ दिमित्री इव्हानोव्स्की यांनी रोगट पानांचा रस जिवाणूही अडकतील अशा बारीक गाळणीतून गाळला. तरीही त्या रसाने रोग होतच राहिला. १८९८ साली हॉलंडच्या मार्टिनस बायरिंक यांनी या न दिसणाऱ्या कारणाला 'व्हायरस' म्हटले. हा विषाणू माणसाला बाधत नाही, शेतकऱ्याचे पीक मात्र नासवतो. आणि तो फार चिवट आहे. वाळलेल्या पानात वर्षानुवर्षे टिकतो, हाताला किंवा अवजाराला लागून एका रोपावरून दुसऱ्यावर जातो.

त्याची बांधणी पाहिली की नवल वाटते. तो एका पोकळ नळीसारखा आहे. लांबी ३०० नॅनोमीटर, जाडी १८ नॅनोमीटर. असे सुमारे ३,३०० विषाणू एकापुढे एक ठेवावेत, तेव्हा कुठे एक मिलिमीटर भरतो. प्रथिनाचे २,१३० एकसारखे तुकडे एका धाग्याभोवती जिन्याच्या पायऱ्यांसारखे रचलेले असतात. अमेरिकेतील मेरीलँड विद्यापीठाच्या संशोधकांनी या विषाणूच्या जनुकात थोडा बदल केला. त्यामुळे त्याला धातू घट्ट धरून ठेवता येऊ लागला. मग धातूच्या पत्र्यावर हे विषाणू भाताच्या ताटांसारखे दाट उभे केले आणि त्यांच्यावर निकेलचा व सिलिकॉनचा थर चढवला. विषाणू झाला साचा. पृष्ठभाग कितीतरी वाढला आणि बॅटरीत जास्त वीज साठवता येते, असे त्यांनी २०१० साली दाखवून दिले.

ज्या चिवटपणामुळे शेतकरी हैराण होतो, तोच चिवटपणा येथे उपयोगी पडला. संत ऑगस्टीन यांची शिकवण आठवते: वाईट ही स्वतंत्र वस्तू नाही, चांगल्याचा अभाव म्हणजे वाईट. जे जे अस्तित्वात आहे, त्यात काही ना काही चांगले असतेच. विषाणूची रचना चांगलीच आहे. त्याने रोपाचे आरोग्य हिरावले, तेथे वाईट घडले.

पण म्हणून जे उपयोगी ते सारे योग्य, असे आम्हांला म्हणता येणार नाही. विषाणूवर धातूचा थर चढवताना त्याची रोग पसरवण्याची शक्ती नष्ट होते, असे संशोधक सांगतात. ही समाधानाची गोष्ट आहे. मात्र त्याआधी तो वाढवायला जिवंत तंबाखूची रोपे लागतात, आणि तेथे तो रोगाचाच विषाणू असतो. तेथे हयगय झाली तर काय? बॅटरीचा फायदा एकाला होईल आणि नुकसान दूरच्या टोमॅटोवाल्याला सोसावे लागेल. त्याला तर कोणी विचारलेलेही नसेल. हेतू चांगला होता, एवढे सांगून त्याचे पीक परत येत नाही.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या 'लाउदातो सी' या पत्रात जनुकीय बदलांविषयी सरसकट निवाडा करणे अवघड असल्याचे म्हटले आहे. प्रत्येक प्रकरण वेगळे तपासावे लागते. तपासताना आपण दोन प्रश्न जरूर विचारावेत: ही वस्तू मुळात काय आहे? आणि चूक झाली तर तिची किंमत कोण मोजणार? पहिला प्रश्न आपल्याला आंधळ्या भीतीपासून वाचवतो, दुसरा आंधळ्या उत्साहापासून.

विषाणूला पाप-पुण्य नसते. त्याला हाती धरणाऱ्या माणसाला ते असते. ज्याच्या शेताला धोका आहे, त्याचा विचार आधी व्हावा, एवढे तरी न्यायाने मागता येते.