जिंकलेल्या डावातील चूक

गेल्या नाताळच्या सप्ताहात धरमपेठेतील एका कुटुंबात आम्ही भोजनास गेलो होतो. जेवणे आटोपल्यावर घरातील अभियांत्रिकी शिकणाऱ्या नातवाने पत्त्यांचा जोड काढला आणि पोकर नावाचा खेळ आम्हांस शिकविला. पैशांच्या जागी शेंगदाणे होते. धर्मगुरूने पत्ते हाती धरावेत काय, अशी शंका ज्यांस येईल त्यांच्यासाठी एवढेच सांगतो की, १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथाने (परिच्छेद २४१३) नशिबाचे खेळ मुळातच अन्याय्य ठरविलेले नाहीत. स्वतःच्या वा कुटुंबाच्या गरजेचे धन त्यांत जाऊ लागले की मात्र ते निषिद्ध होतात.

एका डावात आमच्या हाती दोन बदाम आले. टेबलावर उघडलेल्या चार पानांत आणखी दोन होते. पाचवा बदाम आला तर डाव आमचा. इतक्यात आजोबांनी वीस दाणे पुढे सरकविले. मध्ये आता तीस झाले. पाने टाकून देणेच शहाणपणाचे होते. परंतु आधी घातलेल्या पाच दाण्यांवरचा जीव सुटेना, आणि आजोबा हूल देत आहेत असे मनाने सोयीस्करपणे ठरविले. आम्हीही वीस दाणे मोजले. शेवटचे पान उलटले, तो बदामची सत्ती! टाळ्या पडल्या. नातू तेवढा गप्प होता.

"फादर, जिंकले तुम्ही, पण खेळले चुकीचे. न दिसलेली पाने शेहेचाळीस, त्यांत बदाम नऊच. असे पाचदा खेळाल तर चारदा वीस-वीस दाणे जातील, आणि एकदा तीस मिळतील."

१६५४ साली पास्कल आणि फर्मा यांनी अर्धवट राहिलेल्या डावातील पैशांची न्याय्य वाटणी कशी करावी यावर पत्रव्यवहार केला, त्यातून संभाव्यतेचे गणित उभे राहिले, हे आम्ही कधीतरी वाचले होते. ते अंगास लागले त्या रात्री.

कारण घरी परतताना आम्हांस दुसराच एक डाव आठवला. सुमारे वीस वर्षांपूर्वी, अन्य एका धर्मग्रामात असताना, एका विधवा भगिनीने मुलीच्या शिक्षणाची रक्कम विश्वासाने आमच्याजवळ ठेवली होती. एका बेकार तरुणास रिक्षा घेण्यासाठी ती आम्ही तिला न विचारता देऊन टाकली. तरुण प्रामाणिक निघाला. मुलीच्या प्रवेशाआधी पै न् पै परत आली. ज्यांना हे कळले त्यांनी आमच्या दयाळूपणाची वाखाणणी केली, आणि आम्हीही ती गोड मानून घेतली. पापनिवेदनात या गोष्टीचा उच्चार आम्ही कधीच केला नाही. उलट, पुढे एकदा पुरती चौकशी करून, स्वतःच्या पैशांतून, एकास मदत केली; तो गाव सोडून गेला. त्या 'चुकी'बद्दल मात्र आम्ही कितीतरी वर्षे स्वतःस बोल लावीत आलो. आमच्या विवेकाच्या तराजूत हेतू व कृती यांऐवजी केवळ निकालच पडत होता!

नागपूरचे कॅथेड्रल ज्यांच्या नावे आहे त्या संत फ्रान्सिस डी सेल्स यांनी १६०९ च्या आपल्या भक्तिजीवनविषयक ग्रंथात पत्त्यांचे खेळ वर्ज्य सांगितले आहेत. तेथे लाभ बुद्धीस व श्रमास मिळत नाही, दैवास मिळतो म्हणून. त्यांचे ते म्हणणे आम्ही त्या रात्री मोडले, हे कबूल. पण त्याच ग्रंथात स्वतःच्या दोषांशी सौम्यतेने वागण्याचाही उपदेश आहे. रागावल्याबद्दल स्वतःवर पुन्हा रागावणारा मनुष्य एकाच्या जागी दोन राग पोसतो, हे त्यांनी अचूक ओळखले होते. आम्ही अंथरुणावर तळमळत पडलो होतो ते पश्चात्तापाने की दुखावलेल्या अभिमानाने, हे आजही नक्की सांगता येत नाही. पश्चात्तापाला एवढी झोपमोड लागत नसावी.

दुसऱ्या आठवड्यात आम्ही पापनिवेदन केले. धर्मबंधूने शांतपणे ऐकून एकच प्रश्न विचारला: "त्या भगिनीला सांगितले का?"

ती आता मुलीकडे राहते. आम्ही पत्र लिहिले. तिचे उत्तर चार ओळींचे होते. प्रकृतीची चौकशी, नातवाच्या प्रथम ख्रिस्तप्रसादाची बातमी, आणि शेवटी: "पैसे तर वेळेवर मिळाले होते ना, फादर? मग त्याचे काय एवढे?"

दुसरे पत्र लिहावयास आम्ही बसलो आहोत.