जन्मदातीची खुशी

दत्तक मूल घरात आलं की भेटायला येणारा प्रत्येक जण देवाचं नाव काढतो. ‘देवानेच पाठवली हो’, ‘ऋणानुबंध असतात’, ‘त्याची योजना आपल्याला थोडीच कळते?’ हे बोल मनापासूनचे असतात आणि आम्हाला ते परके नाहीत. आमच्या घरात वारी आहे. सासूबाईंनी नातीला पहिल्यांदा मांडीवर घेतलं ते ‘पांडुरंगा, दिलीस रे’ असं म्हणतच. मुलगी आमच्याकडे आली त्यात त्याचा हात आहे असं मीही मानते, आणि हे मानणं मला सोडायचं नाही. फक्त तो हात नेमका कुठे होता हे सांगण्याची आपण फार घाई करतो.

ईश्वराची योजना म्हटली की ती सगळ्यांसाठी असायला हवी, एकट्या आमच्यासाठी नव्हे. आमच्या मांडीवर येण्याआधी हे मूल दुसऱ्या कुणाच्या कुशीत होतं. ती कदाचित लग्नाआधी फसलेली मुलगी असेल, नवऱ्यामागे उरलेली बाई असेल, चौथं पोर पोसण्याची ऐपत नसलेली असेल. दिवस भरत आले तरी तिने ओढणीखाली पोट लपवलं असेल. बाळंतपणानंतर तिलाही पान्हा फुटलाच असणार आणि तो तिने कसा आवरला असेल, हे अनेकदा माझ्या मनात येतं. आमचं घर भरावं म्हणून देवाने तिचं रिकामं केलं, असं कुणी म्हणालं तर माझ्याच्याने ‘हो’ म्हणवत नाही. एका आईच्या डोळ्यांतलं पाणी दुसरीच्या सुखाचा हप्ता म्हणून मोजून घेणारा देव माझ्या ओळखीचा नाही.

मग तो दिसतो कुठे? या प्रश्नापाशी मी पुन्हा पुन्हा येते तेव्हा महाभारताच्या उद्योगपर्वातला कर्ण आठवतो. कृष्ण त्याला त्याच्या जन्माचं गुपित सांगतो, ज्येष्ठ पांडव म्हणून राज्य देऊ करतो. कर्ण नकार देतो आणि त्याची कारणं सांगताना सगळ्यात आधी आपल्याला वाढवणाऱ्या राधेपाशी येतो. तिच्या नवऱ्याने, अधिरथाने आपल्याला घरी नेलं तेव्हा मायेने राधेला पान्हा फुटला, तिने आपलं मलमूत्र काढलं. धर्म जाणणारा माणूस तिचा पिंड कसा तोडेल, असं तो विचारतो. अधिरथाने जातकर्म केलं, वसुषेण हे नाव ठेवलं, लग्नं लावून दिली, हेही तो सांगतो. युद्धाचा शेवट काय होणार याची त्याला कल्पना आहे. त्याच संवादात तो ते बोलूनही दाखवतो. पुढचं सगळं समोर दिसत असताना त्याच्या लेखी वजन आहे ते दुधाला आणि ओल्या दुपट्यांना. आणि हे सगळं ऐकतोय तो देवकीचा मुलगा, यशोदेने वाढवलेला. व्यासांनी हे बोलणं दुसऱ्या कुणासमोर घडवलं असतं तर त्याला इतकी खोली आली नसती, असं मला वाटतं.

तरीही कर्णाच्या कथेत त्याच्या जन्मदातीला, कुंतीला कुणी विचारलेलं नाही. पेटी पाण्यात सोडण्यावाचून तिच्यापुढे वाट नव्हती. तिच्यासारखीला विचारणारं दार आपल्याकडे उघडलं ते १८६३ साली, पुण्यात.

जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांचं बालहत्या प्रतिबंधक गृह आपण शाळेच्या पुस्तकात एका ओळीत वाचून पुढे जातो. विधवाविवाहाचा कायदा १८५६ मध्ये झाला होता, पण वाड्यांच्या आतल्या खोल्यांत त्याचा उजेड पोचला नव्हता. दिवस गेलेल्या विधवेपुढे विहीर होती, नाहीतर बाळाच्या गळ्याला नख लावणं होतं. अशा बायकांसाठी फुल्यांनी भिंतींवर जाहिराती लावल्या: इथे या, गुपचूप आणि सुखरूप बाळंत व्हा. त्यात आणखी एक गोष्ट होती. मूल सोबत न्यायचं की इथे ठेवायचं, हे तुमच्या खुशीवर राहील, असं त्यांनी त्या बायकांना सांगितलं होतं. सगळ्या गावाने जिला पापी ठरवलं होतं तिची खुशी विचारणारी ती जाहिरात होती. माझ्या लेखी तो धर्मग्रंथाच्या तोडीचा मजकूर आहे.

जोतीराव नशीब मानत नव्हते, ग्रहदशा मानत नव्हते. पण निर्मिक मानत होते, सगळ्यांना सारखे हक्क देणारा. त्या निर्मिकाची इच्छा काय असेल ते ओळखून दार उघडणं आणि रात्री-अपरात्री कुणी कडी वाजवली तर उठणं, इतकं त्यांनी आपल्याकडे घेतलं. पुढे एका ब्राह्मण विधवेचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला, तो यशवंत. जोतीरावांनी मृत्युपत्रात त्यालाच वारस केलं. १८९० च्या नोव्हेंबरात जोतीराव गेले तेव्हा भाऊबंदांनी दत्तक मुलाच्या हक्काला हरकत घेतली आणि सावित्रीबाईंनी अंत्ययात्रेतलं टिटवं स्वतःच्या हाती धरलं. सहा वर्षांनी प्लेगात डॉक्टर झालेला हा मुलगा हडपसरजवळ रोग्यांवर उपचार करत होता, आणि आई रोग्यांना त्याच्याकडे आणत होती. त्यातच १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. या मायलेकांकडे पाहून ‘योजना’ हा शब्द मला सहज उच्चारता येतो, कारण तिच्यातला प्रत्येक दुवा कुणीतरी जाणूनबुजून, किंमत मोजून जोडलेला आहे.

आजच्या कायद्यातही ती खुशी आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं. मूल संस्थेच्या स्वाधीन करणाऱ्या आईवडिलांना २०१५ च्या बाल न्याय कायद्याने ६० दिवस दिलेत. तेवढ्यात मन बदललं तर मूल परत नेता येतं. कुणीतरी टाकून दिलेलं मूल असेल तर आधी त्याच्या माणसांचा शोध घ्यावा लागतो, आणि त्यानंतरच ते दत्तकासाठी मोकळं असल्याचं जाहीर होतं. यादीत वाट पाहणारी जोडपी या मुदतींवर चिडतात. ‘देवाने नेमून दिलेलं मूल कागदांत अडकलंय’ हे वाक्य मी पालकांच्या बैठकीत ऐकलंय. त्यांची तगमग मला समजते, आम्हीही त्यातून गेलोय. पण त्या ६० दिवसांत एखादी आई परत आली आणि पोराला छातीशी धरून घरी घेऊन गेली, तर देवाचं काम तिथे आमच्या घरापेक्षाही चोख झालं, असंच मी म्हणेन.

कायद्याचं बोट धरायला देवाचीही हरकत नसावी. माझी एक ख्रिस्ती मैत्रीण दत्तक आहे. आईवडील रोज रात्री प्रार्थनेत तिच्यासाठी देवाचे आभार मानत. कागदावर मात्र ते फक्त ‘पालक’ होते. हिंदूंना १९५६ चा दत्तक कायदा होता. ख्रिस्ती, पारशी, मुसलमान घरांना १८९० च्या कायद्याखाली पालकत्वच काय ते मिळे, आणि मूल सज्ञान झालं की तेही संपे. २००० चा बाल न्याय कायदा आणि त्याची २००६ ची दुरुस्ती झाल्यावर धर्म कोणताही असो, आई-बाप होण्याची वाट मोकळी झाली.

मुलगी आमच्या हाती देताना संस्थेतल्या मावशी एकीकडे रडत होत्या आणि दुसरीकडे सूचना देत होत्या. ‘डाव्या कुशीवर झोपवा. दूध गार झालं तर तोंड फिरवते. रडायला लागली तर तळपाय चोळा, गप्प होते.’ मग त्यांनी पिशवीतून एक वापरलेलं झबलं काढलं. ‘हे लगेच धुऊ नका. उशाशी ठेवा. वास ओळखीचा आहे तिच्या.’ आपल्याला सोडून जाणाऱ्या लेकराला नव्या घरात परकं वाटू नये म्हणून त्या बाईने ते न धुता राखून ठेवलं होतं. विश्वाचा कारभार कसा चालतो हे मला ठाऊक नाही. पण देव त्या क्षणी त्या खोलीत हजर होता, एवढं मी शपथेवर सांगेन.

म्हणूनच ‘पोरीचं नशीब, तुमच्यासारखं घर मिळालं’ असं कुणी तिच्यादेखत म्हटलं की मी तिथल्या तिथे थांबवते. आईबापांच्या उपकाराखाली वाकून मूल वाढू नये. पोटच्या पोराला कुणी असं ऐकवत नाही. ‘तुम्ही मोठं पुण्य केलंत’ हेही मला नको असतं. पुण्य करायला नव्हतो गेलो, आम्हाला मूल हवं होतं.

मुलीला सगळं सांगितलंय, समजायला लागलं तेव्हापासून. ‘तिला मी नको होते का?’ असं तिने एकदा विचारलं. ‘देवाची तशी इच्छा होती’ हे उत्तर जिभेवर आलं होतं. ते दिलं असतं तर प्रश्न मिटला असता, पण तिच्या मनात देवाविषयी कायमची अढी बसली असती. मी म्हटलं, तिच्यावर काय वेळ आली होती ते आपल्याला माहीत नाही, पण तिने तुला जिथे तुझी काळजी घेतली जाईल अशा ठिकाणी पोचवलं. मुलगी थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, ‘ती बरी असेल ना?’ तेव्हापासून संध्याकाळी देवापाशी दिवा लावताना आम्ही दोघी तिच्यासाठीही मागतो.

अठरा पूर्ण झाली की तिला आपल्या मुळाचा शोध घेण्यासाठी स्वतः अर्ज करता येईल. संस्थेचे कागद मी एका फायलीत लावून ठेवलेत आणि ती फाइल कुठे आहे ते तिला माहीत आहे. मूल सोपवताना जन्मदातीने नाव गुप्त ठेवायला सांगितलं असेल, तर त्या वेळी पुन्हा तिची संमती विचारली जाईल. ती ‘हो’ म्हणाली तर मी मुलीबरोबर जाईन. ‘नको’ म्हणाली तर तेही आम्ही ऐकू, कारण तिची खुशी तेव्हाही तिचीच असेल.