न्यूरो ऑप्शनला टाकलंस?

बस. तो मोबाईल आधी बंद कर. पालथा ठेवलास तर मला दिसत नाही एवढंच, तुला तो दिसतोच.

काय म्हणालास? "सर, न्यूरो ऑप्शनला टाकतो. बाकीचं मेडिसिन पक्कं करतो." वा! मेंदू, मज्जारज्जू, बारा क्रेनियल नर्व्ह्ज, हातापायांच्या सगळ्या नसा, सगळं ऑप्शनला. आणि हे ठरवलं कोणी? त्याच मेंदूने. काहून रे, लाज नाही वाटली त्याला?

तू ढ असतास ना, तर चहा पाजून घरी पाठवला असता. ढ पोराला रागावून काय मिळतं? पण तू ढ नाहीस. नीटची परीक्षा देऊन, झगडून सीट मिळवलेला पोट्टा आहेस. पहिल्या वर्षाला ब्रेकियल प्लेक्सस फळ्यावर एका दमात काढायचास. कॉर्टिकोस्पायनल ट्रॅक्ट मेड्युलात बाजू बदलतो, स्पायनोथॅलॅमिक मज्जारज्जूतच बदलतो, हे तू होस्टेलवर इतरांना समजावून सांगायचास. मग फायनलला आल्यावर ते कुठे गेलं? कुठेही गेलेलं नाही. तू त्याच्याकडे फिरकला नाहीस, एवढंच झालंय.

"रिव्हिजन चालू आहे सर." दाखव रिव्हिजन. ही? पिवळा, हिरवा, गुलाबी. पानावर एक ओळ बिनरंगाची उरलेली नाही. सगळंच महत्त्वाचं ठरवलं की काही निवडावं लागत नाही, डोक्याचे कष्ट वाचले! आणि रात्री दुप्पट वेगाने व्हिडिओ. शिकवणारा बिचारा घसा फोडतो, तू मान डोलावतोस, आणि झोपताना म्हणतोस, आज चार लेक्चर झाले. कोणाचे झाले? त्याचे झाले. तुझं काय झालं?

एक कोरा कागद घे. मज्जारज्जूचा आडवा छेद काढ. पुस्तक मिटून. काढ ना! मागच्या शिंगापासून सुरू करू की पुढच्या, हेच ठरेना? सकाळी तर हेच पान तू "झालं" म्हणून उलटलं होतंस.

तू इथेच फसतोयस, आणि तुला ते ठाऊक आहे. पान समोर आलं की ओळखीचं वाटतं. ओळखीचं वाटलं की येतं असं वाटतं. परीक्षेत पान समोर नसतं. 2006 साली अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिकी या दोघांनी विद्यार्थ्यांवर हेच तपासलं. काहींनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी वाचून, मिटून, आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर वाचणारे पुढे. आठवड्याने घेतली तर आठवणारे पुढे. आणि गंमत म्हणजे आपल्याला चांगलं लक्षात राहणार असा भरवसा कोणाला जास्त होता? वाचणाऱ्यांना. तुझ्यासारख्यांना.

"डोक्यात काही टिकतच नाही सर." हे मला नको सांगूस. ज्याच्या डोक्यात खरोखर काही टिकत नव्हतं तो माणूस पुस्तकात आहे, तू त्याच्यावर शॉर्ट नोटही लिहिली असशील. हेन्री मोलायसन. 1953 साली फिट्स थांबाव्यात म्हणून त्याच्या दोन्ही बाजूंचा टेम्पोरल लोबचा आतला भाग काढला, हिप्पोकॅम्पसचा मोठा हिस्सा गेला. त्यानंतर त्याला नवीन काही लक्षात राहीना, रोज भेटणारी माणसं रोज नवी. पण त्याच माणसाला आरशात बघून चांदणीवरून रेघ गिरवायला लावली, तर तो दिवसागणिक सुधारत गेला. आदल्या दिवशी हे केलंय, हे त्याला आठवतही नव्हतं. हात मात्र शिकला. तुझे दोन्ही हिप्पोकॅम्पस जागच्या जागी आहेत. मग तुझी सबब कोणती? आणि नी हॅमर तू शेवटचा कधी उचललास?

न्यूरो अवघड आहे, ही अफवा कोणी पसरवली मला माहीत आहे. ज्यांनी ते यादी म्हणून पाठ केलं, त्यांनी. याद्या विसरतातच. अरे, मेडिसिनमध्ये इतका न्याय्य विषय दुसरा नाही. इथे दोनच प्रश्न असतात: बिघाड कुठे आहे, आणि कशाचा आहे. आणि "कुठे" आधी, "कशाचा" नंतर. तू मात्र रुग्णाच्या गादीजवळ पोचायच्या आत रोगाचं नाव फेकतोस. एमआरआय बघून सांगतो म्हणे! एमआरआय कशाचा काढायचा? डोक्याचा, मानेचा, की कमरेचा? ते ठरवायला बाबिन्स्कीने 1896 साली तळव्यावर जी खूण दाखवली ती अजून पुरते. एक किल्ली लागते. ती खिशात असते.

पापणी पडली आहे. एवढंच सांगितलं तुला. बोल. तिसरी नर्व्ह गेली असेल तर पापणी पुरती पडते, डोळा बाहेर आणि खाली जातो, बाहुली मोठी होऊ शकते. सिंपथेटिकचा मार्ग तुटला असेल तर पापणी थोडीच पडते आणि बाहुली बारीक. नस आणि स्नायू यांच्या सांध्यात बिघाड असेल तर बहुधा दोन्हीकडची पडते, बोलता बोलता आणखी पडत जाते. एक पापणी, तीन पत्ते. यात पाठ काय करायचं आहे? बघायचं आहे. तू बघत नाहीस, तू "टोसिसची कारणं" म्हणून नऊ नावं घोकतोस आणि पाचव्यावर अडतोस.

तोंड वाकडं झालं म्हणून माणूस आला. घरचे म्हणतात हवा लागली, नाहीतर लकवा मारला. तू काय म्हणशील? त्याला वर बघून कपाळाला आठ्या पाडायला सांग. आठ्या पडल्या तर बिघाड वरचा, मेंदूतला; कारण कपाळाला दोन्ही बाजूंनी वायरिंग येतं. नाही पडल्या तर सातवी नर्व्ह. दोन सेकंदांचं काम. पहिला असेल तर साडेचार तासांचं घड्याळ सुरू झालेलं असतं, आणि हिंगणीहून वर्धा गाठून, सीटी काढून, रक्तस्राव नाही अशी खात्री करून औषध द्यायचं तर त्यातले किती उरतात, ते तूच मोज. तिथे उभा राहून तू कोणत्या पानावर काय होतं ते आठवणार आहेस का?

आणि हे ऑप्शनला टाकतोस कुठे बसून? वर्धा जिल्ह्यात! अरे, तुझ्या जिल्ह्याचा आणि नसांचा संबंध तुझ्या जन्माच्या कितीतरी आधीचा आहे. दत्तपूरला मनोहर दिवाणांनी कुष्ठधाम उभारलं ते 1936 साली. कुष्ठरोग झालेले परचुरे शास्त्री सेवाग्रामला राहत तेव्हा गांधीजी स्वतः त्यांची मालिश करत. 1951 पासून गांधी मेमोरियल लेप्रसी फाउंडेशन वर्ध्यात आहे. शाळेच्या भाषणात तू हे सगळं घडाघडा बोलला असशील, बक्षीसही घेतलं असशील. आता डॉक्टर म्हणून बोल. कुष्ठरोग हा कातडीचा रोग आहे की नसेचा? कोपराच्या आतल्या हाडामागे अल्नर नर्व्ह चाचपून बघायला किती वेळ लागतो? करंगळी आणि शेजारचं बोट वाकडं का होतं, चारही बोटं का नाही? नस कोपराशी गेली तर पंजा कमी का दिसतो आणि मनगटाशी गेली तर जास्त का? सांग. हे ब्रेकियल प्लेक्ससवाल्या पोराला विचारतोय मी.

हातापायाला बधिरपणा, पण गुडघ्याच्या, घोट्याच्या रिफ्लेक्स शाबूत. कशा काय? बाकीच्या न्यूरोपॅथीत त्या जातात. इथे राहतात, कारण कुष्ठरोगाचा जंतू कातडीजवळच्या, अंगाच्या गार भागातल्या नसा धरतो. आतल्या, स्नायूंच्या नसा बऱ्याच अंशी वाचतात. ही एक गोष्ट समजली की शंभर एमसीक्यू सुटतात. समजून घ्यायला एक संध्याकाळ लागते. तुझी संध्याकाळ कुठे गेली? बोरच्या गेटवर, जिप्सीत जागा मिळते का बघायला. जा की! व्याघ्र प्रकल्प 2014 पासून तिथे आहे, परीक्षेनंतरही तिथेच असेल.

आणि जंगलाच्या काठाने राहतोस तर मण्यारीचं बोल. पावसाळ्यात, रात्री, खाली झोपलेल्या माणसाला चावते. दुखत नाही फारसं, दाताची खूण दिसेलच असं नाही. पहाटे पोट दुखतं, मग पापण्या जड, मग गिळता येत नाही, मग श्वास. तू ऑप्शनला टाकलेल्या त्या सांध्यावर तिचं विष काम करतं, नसेच्या टोकाशी, जिथून ॲसिटिलकोलीन सुटायचं असतं. नागाचं विष पलीकडच्या बाजूला, रिसेप्टरवर बसतं. म्हणून नागाला निओस्टिग्मीनचा उपयोग होतो आणि मण्यारीला सहसा होत नाही. तिथे प्रतिविष लवकर, आणि श्वास परत येईपर्यंत व्हेंटिलेटर. हे तू पाठ केलं असशील. पण ऐक, नीट ऐक. पूर्ण लुळा पडलेला, डोळे न हलवणारा, बाहुल्यांचाही प्रतिसाद नसलेला हा माणूस मेंदू मेल्यासारखा दिसतो. मेंदू मेलेला नसतो. तो शुद्धीवर असू शकतो, तू नातेवाइकांना काय सांगतोयस ते ऐकत असू शकतो. ज्याने विषय ऑप्शनला टाकला तो डॉक्टर त्या खाटेशी उभा राहून काय बोलेल? बोल ना, आता गप्प का?

फवारणीचंही तेच. 2017 साली शेजारच्या यवतमाळात कपाशीवर फवारणारे शेतकरी-शेतमजूर शेकड्यांनी भरती झाले, वीसहून जास्त माणसं गेली. त्या औषधांत ऑर्गॅनोफॉस्फेटही होती. अट्रोपीन देता येतं तुला, मान्य. त्याने लाळ थांबते, छातीतलं पाणी थांबतं. स्नायूंचा अशक्तपणा थांबतो का? नाही, कारण ते मस्करिनिक आणि हे निकोटिनिक. माणूस सुधारला म्हणून तू निर्धास्त होतोस आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्याला उशीवरून मान उचलता येत नाही. त्यानंतर श्वास जातो. मान उचलून बघ असं सांगायचं तुझ्या डोक्यात येण्यासाठी पहिल्या वर्षाचं फिजिऑलॉजी लागतं. तेच जे तू "बेसिक आहे, होऊन जाईल" म्हणून ढकललंस.

होऊन जाईल! कोण करणार आहे?

लाईन जाते म्हणतोस. जाते, मला माहीत नाही का? पण दिवसा उजेड असतो, आणि तू उठतोस दहाला. रेंज नसते म्हणतोस. रील्सना असते, पीडीएफलाच नसते? घरी पाहुणे येतात. येऊ दे. सोयाबीन निघालं, आई-बाबा सकाळी सहाला वावरात असतात. त्यांनी कधी म्हटलं तुला, आज पाहुणे आहेत, शेत ऑप्शनला टाकू? ग्रुप स्टडी करतो म्हणतोस. त्यात ग्रुप असतो, हे खरं. "मागच्या तीन पेपरला न्यूरोवर मोठा प्रश्न आला नाही" हाही तुझाच हिशेब ना? बरं, लेखीला टळलं. प्रॅक्टिकलला लाँग केसच्या चिठ्ठीवर हेमिप्लेजिया आली तर? परीक्षकाला सांगशील, सर, हा ऑप्शनला होता? कंपनसंवेदना बघ म्हटलं तर घोट्याच्या हाडावर 512 चा ट्यूनिंग फोर्क टेकवशील, आणि 128 चा का नाही या प्रश्नावर छताकडे बघशील. मी असे पोट्टे बघितलेत. सगळे हुशार होते.

आज रात्री व्हिडिओ नाही. हायलायटर आईकडे दे. कोरे कागद घे. एकावर मज्जारज्जूचा छेद आणि तीन मार्ग, कोण कुठे बाजू बदलतो त्यासकट. अर्धी मज्जारज्जू उजवीकडून कापली तर कुठल्या पायाची ताकद जाते आणि कुठल्या पायाला टाचणी कळत नाही, हे त्याच चित्रावरून काढायचं, ब्राऊन-सेकार्डचं नाव न आठवता. दुसऱ्यावर ब्रेनस्टेमचे तीन मजले, कुठल्या नर्व्हचं मूळ कुठल्या मजल्यावर. तिसऱ्यावर अप्पर आणि लोअर मोटर न्यूरॉन, फरक कारणासकट. नुसता तक्ता आणलास तर फाडीन. चुकलं तर चुकू दे. पुस्तक उघडून दुरुस्त कर, मिटून परत काढ. मग झोप. जागून घोकू नको; दिवसभराचं पक्कं व्हायला झोप लागते, हे तूच सेमिनारमध्ये सांगितलं होतंस. सकाळी उठून तेच कागद परत काढ, कालचे न बघता. आणि घरी कोणाच्या तरी गुडघ्यावर हॅमर मारून बघ. बाबांच्या मार, ते हसतील, पण बसतील.

सात वाजता ये. दहाला नाही. पहिला प्रश्न आत्ताच देऊन ठेवतो. चाळिशीचा शेतमजूर. उजवं पाऊल लटकतं. चालताना चप्पल निसटते, आणि निसटल्याचं त्याला कळत नाही. पाऊल आत वळवता येतं, जोराने. घोट्याची रिफ्लेक्स आहे. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, फिब्युलाच्या मानेशी, बोटाखाली एक जाड दोरी लागते. बिघाड कुठे? पाठीच्या कण्यातलं मूळ का नाही? आणि त्यानंतर त्याच्या अंगावर तू आणखी काय काय शोधशील?

आता नको सांगूस. लिहून आण.