निष्ठेला उत्तर कोण देतो?

लखनौच्या चौकात, गोल दरवाजापासून अकबरी दरवाजाकडे जाणाऱ्या जुन्या बाजारपेठेत, गिऱ्हाइकाची निष्ठा ही वारशाने येणारी गोष्ट मानली जाते. अत्तर कोणाकडून घ्यायचे, चिकनचे काम कोणाकडे सोपवायचे, थंडीच्या दिवसांत मक्खन-मलाई कोणत्या ठेल्यावर खायची, हे अनेक घरांत आजोबांनी ठरवलेले असते आणि नातू ते पाळीत असतात. अकबरी दरवाजाजवळचे टुंडे कबाबीचे दुकान १९०५ सालापासून चालू आहे. अशा ठिकाणी गिऱ्हाईक दुकानदाराला ओळखते आणि दुकानदार गिऱ्हाइकाला. अत्तराचा वास दोन दिवसांत उडाला, तर कुपी घेऊन त्याच गादीसमोर उभे राहता येते आणि गादीवर बसलेल्या माणसाला काहीतरी उत्तर द्यावेच लागते. चौकातील निष्ठा टिकते ती या उत्तराच्या भरवशावर.

या बाजाराच्या गल्ल्या पायी चालणाऱ्यांच्या आणि फार तर एक्क्यांच्या मापाने वाढत गेल्या. आज त्यांच्या तोंडाशी उंच बांध्याच्या एसयूव्ही गाड्या उभ्या दिसतात, आणि त्यांच्या मालकांच्या बोलण्यातही निष्ठेचीच भाषा असते. एखाद्याला स्कॉर्पिओखेरीज दुसरी गाडी दारात असणे कमीपणाचे वाटते; दुसऱ्याच्या घरी सफारीवाचून चर्चा पुढे सरकत नाही. मात्र येथे ज्याच्यावर निष्ठा आहे तो गादीवर बसलेला दिसत नाही. ज्या कंपनीला मालक केवळ नोंदवहीतील एक क्रमांक म्हणून ठाऊक आहे, तिच्यावर निष्ठा ठेवणे म्हणजे नेमके काय करणे? आणि अशी निष्ठा ठेवणाऱ्याच्या अंगावर कोणते कर्तव्य येते? प्रश्न वरवर क्षुल्लक दिसतो. पण यंत्राच्या निवडीत माणसे ज्या सहजतेने ‘आमचे’ आणि ‘त्यांचे’ असा भेद करतात, ती पाहिली की त्याचे गांभीर्य ध्यानात येते.

लखनौच्या रस्त्यांवरील या दोन गाड्यांचे कूळ महाराष्ट्रातले आहे. सफारी पुण्याची, स्कॉर्पिओ नाशिकची. त्यांना घडवणारी दोन्ही घराणी एकाच वर्षी, १९४५ साली, उभी राहिली. टेल्को या नावाने सुरू झालेली आणि २००३ पासून टाटा मोटर्स म्हणून ओळखली जाणारी कंपनी आधी रेल्वेची इंजिने आणि १९५४ पासून ट्रक बनवू लागली. दुसरीचे मूळ नाव महिंद्रा अँड मोहम्मद. तिचे भागीदार गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ साली कंपनी महिंद्रा अँड महिंद्रा झाली. वाहनांच्या क्षेत्रात तिने आरंभ केला तो विलीज जीपच्या जोडणीपासून. दोहोंच्या घडणीत हा जन्मसंस्कार दीर्घकाळ टिकून राहिला. महिंद्राची गाडी जीपच्या वळणाची: सपाट पत्रा, सरळ उभी काच, ठोकून सरळ करता येईल असा बांधा. टाटांची गाडी मालवाहू वाहनांच्या कुळातली: १९९१ची सिएरा पिकअपच्या पायावर उभी होती आणि तिच्या मागील बाजूची वर वळलेली काच हे तिचे वैशिष्ट्य होते. १९९४ साली आलेल्या सुमोचे नाव अनेकांना जपानी मल्लांवरून घेतलेले वाटते. प्रत्यक्षात ते टेल्कोचे धुरंधर सुमंत मुळगावकर यांच्या नाव-आडनावांच्या आद्याक्षरांतून आले आहे. १९९८ साली सफारी, २००० साली बोलेरो आणि २००२ साली स्कॉर्पिओ आली, तेव्हा या दोन वळणांचा सामना सर्वांच्या नजरेत भरू लागला.

या गाड्यांवरची माया जाहिरातींनी निर्माण केली असे म्हणणे अर्धसत्य ठरेल. महाराष्ट्राच्या घाटांत आणि माळांवर जेथे एसटी दिवसातून एकदा जाई, तेथे जीप, ट्रॅक्स आणि सुमो यांनी वडाप चालवले. दहा माणसांची सोय असलेल्या गाडीत पंधरा बसली, टपावर बोचकी चढली, बाळंतीण तालुक्याला गेली, नवरी सासरी आली. गाडी बिघडली तर तालुक्याच्या गॅरेजमध्ये तिची नस ठाऊक असलेला मेकॅनिक होता आणि सुटा भाग त्याच बाजारात मिळत होता. अशा परिस्थितीत दुसरी गाडीही त्याच नावाची घेणे हा हट्ट नसून व्यवहारज्ञान असते. एका यंत्राविषयी साठलेली माहिती ही गरीब गावाची मोठी पुंजी आहे. नाव बदलले की ती वाया जाते.

पुढे या व्यवहारात दुसरी एक भावना मिसळली. स्कॉर्पिओचे उंच आसन, उभे नाक आणि रुंद खांदे यांनी गाडीला रुबाब दिला. उत्तर प्रदेशात काय किंवा महाराष्ट्रात काय, पुढाऱ्याच्या ताफ्यात ती शोभू लागली आणि ताफ्याशी संबंध नसलेल्यालाही ताफ्याची छाया तिच्यात मिळू लागली. येथे निष्ठेचे केंद्र हलले. गाडी काय करते याच्याइतकेच गाडीतून मालक कसा दिसतो याला मोल आले. गाडीला नाव ठेवणे म्हणजे मालकाला नाव ठेवणे, असे समीकरण येथूनच सुरू होते आणि त्यानंतर गाडीच्या दोषांविषयी शांतपणे बोलणे अवघड होऊन बसते.

परंतु ज्या नावासाठी एवढा अभिमान बाळगायचा, त्या नावामागे कायम राहणारे असे काय आहे? बौद्ध वाङ्मयातील ‘मिलिंदप्रश्न’ या ग्रंथात भिक्षू नागसेन राजा मिलिंदाला त्याच्या रथाविषयी विचारतो: चाक म्हणजे रथ काय, आस म्हणजे रथ काय, जू म्हणजे रथ काय? राजाला प्रत्येक वेळी नकार द्यावा लागतो आणि अखेर दोघे या निर्णयाशी येतात की सर्व भागांच्या आधाराने व्यवहारासाठी दिलेले नाव म्हणजे रथ. सफारीला हा प्रश्न जसाच्या तसा लागू पडतो. १९९८ची सफारी वेगळ्या चासीवर बसवलेली, मागच्या चाकांना ओढ देणारी गाडी होती. तिचे उत्पादन २०१९ साली थांबले. २०२१ साली त्याच नावाने जी गाडी आली तिचा सांगाडा लँड रोव्हरच्या आराखड्यावरून घडवलेला, एकसंध बांधणीचा आणि पुढच्या चाकांना ओढ देणारा होता. तिचे दोन लिटरचे डिझेल इंजिन अष्टविनायकांतील गणपतीसाठी प्रसिद्ध असलेल्या रांजणगावच्या कारखान्यातून आले आणि तेच इंजिन जीप कंपास व एमजी हेक्टर या स्पर्धक गाड्यांतही धडधडत होते. नेक्सॉन आणि हॅरियर यांच्या काळात टाटांच्या रेखनविभागाचे प्रमुख असलेले प्रताप बोस त्याच वर्षी महिंद्राकडे गेले. म्हणजे सांगाडा बदलला, इंजिन सामाईक झाले, रेखणारा हात प्रतिपक्षाला मिळाला. उरले ते नाव, आणि निष्ठावंत मालक त्या नावासाठी भांडत राहिले.

रूपाच्या मालकीचा प्रश्नही असाच गुंतागुंतीचा आहे. महिंद्राने अमेरिकेत रॉक्सर नावाची गाडी विकायला आणली तेव्हा जीपच्या तत्कालीन मालक कंपनीने २०१८ साली तक्रार केली की हे रूप आमचे आहे. २०२० साली तेथील आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाने तक्रार मान्य केली आणि महिंद्राला रॉक्सरचा चेहरा बदलावा लागला. जे वळण भारतात सत्तर वर्षे शेतकऱ्यांच्या आणि जवानांच्या हातांखालून गेले, ते कायद्याच्या दृष्टीने दुसऱ्याच्या मालमत्तेत मोडत होते. उलट, १९९१च्या सिएराची वळलेली काच लोकांच्या आठवणीत रुतून बसली असल्याचे ओळखून टाटांनी २०२५ साली त्याच नावाच्या नव्या गाडीत ती आठवण जाणीवपूर्वक जागवली. मालकांची स्मृती ही कंपनीची मोठी मिळकत असते आणि तिचा हिशेब कंपनी चोख ठेवते.

नाव म्हणजे संकेत, रूप म्हणजे मालमत्ता, इंजिन सामाईक. मग निष्ठा निराधार ठरते काय? तसे नाही. निष्ठा ज्यांच्यामुळे उपजली ती माणसे खरी असतात: मध्यरात्री गॅरेज उघडणारा मेकॅनिक, गाडी शिकवणारा काका, घाटात ओळख नसताना थांबून दोर देणारा दुसरा चालक. कंपनीचे नाव हा या साऱ्यांचा पत्ता आहे. पत्त्यालाच घर समजण्यात चूक होते. सुमो आणि जुनी सफारी २०१९ साली बंद झाल्या तेव्हा कोणी विश्वासघात केला असे म्हणता येणार नाही. नवे नियम आणि घटती विक्री पाहून कंपनीने हिशेब मांडला. कंपनीने हिशेबाने वागणे रास्त आहे. मात्र जी हिशेबाने वागते तिच्याशी मालकाने भक्तिभावाने वागावे, यात तोल सुटतो.

आणि भक्तीची तरी मराठी परंपरा काय सांगते? नामदेव, जनाबाई, तुकाराम यांची विठ्ठलावरील निष्ठा वादातीत आहे. पण देवाला खडसावणे, त्याच्याशी भांडणे, त्याला ऋणको ठरवणे हा त्या निष्ठेचाच भाग होता. ज्याला सोडून जायचे नाही त्याच्याशीच माणूस मनापासून भांडतो. अर्थशास्त्रज्ञ आल्बर्ट हर्शमन यांनी १९७० साली याच सत्याला दुसऱ्या दिशेने स्पर्श केला. एखाद्या संस्थेचा दर्जा घसरू लागला की माणसापुढे दोन वाटा असतात: निघून जाणे किंवा आवाज उठवणे. निष्ठा माणसाला तडकाफडकी निघून जाऊ देत नाही आणि त्यामुळे आवाजाला अवसर मिळतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. निष्ठेचे सामाजिक मोल या अवसरात आहे. जो निघूनही जात नाही आणि बोलतही नाही, त्याच्या निष्ठेचा उपयोग विक्रेत्याखेरीज कोणाला होत नाही.

गाड्यांच्या बाबतीत या मौनाची किंमत जिवाने मोजली जाते. ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या आघातचाचण्यांत २०१४ साली टाटांच्या नॅनोला आणि २०१६ साली एअरबॅग नसलेल्या स्कॉर्पिओला प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षिततेसाठी शून्य तारे मिळाले. पुढे २०१८ साली टाटांच्या नेक्सॉनने आणि २०२२ साली स्कॉर्पिओ-एनने पाच तारे मिळवले. दोन्ही घराण्यांना चांगली गाडी बनवता येत होती, हे यावरून सिद्ध झाले. मधल्या काळात चाचण्यांची प्रसिद्धी झाली, कायद्याने आघातचाचणी व एअरबॅग यांचे नियम आणले आणि ग्राहक ताऱ्यांविषयी विचारू लागले. पत्रा जाड आहे म्हणून गाडी सुरक्षित आहे, असे अभिमानाने सांगणारा मालक निष्ठावंत खरा; पण त्याच्याच मुलांच्या रक्षणासाठी ज्याने शून्याचा जाब मागितला, त्याची निष्ठा अधिक सखोल म्हटली पाहिजे.

निष्ठेचा दुसरा धोका प्रतिपक्षाच्या तुच्छतेचा. त्यावरचा उतारा लखनौच्याच इतिहासात सापडतो. संगीतातील घराण्यांचा अभिमान गाड्यांच्या अभिमानाहून कितीतरी तीव्र होता. आपली बंदिश दुसऱ्याच्या कानी पडू नये म्हणून उस्ताद ती झाकून ठेवीत. मुंबईहून आलेल्या विष्णू नारायण भातखंडे यांनी आयुष्य खर्चून घराण्याघराण्यांच्या चिजा जमवल्या, स्वरलिपीत उतरवल्या आणि १९२६ साली लखनौत संगीत महाविद्यालय उभारण्यात पुढाकार घेतला. ज्याला संगीत प्रिय आहे त्याला दुसऱ्या घराण्यातले गुणही ऐकू आले पाहिजेत, ही त्यांची दृष्टी होती. चांगल्या यंत्राची आवड असणाऱ्यालाही हेच म्हणता येईल. प्रतिस्पर्ध्याच्या गाडीतील गुण ज्याला दिसत नाहीत, त्याला आपल्या गाडीतील गुणही नीट दिसलेले नसतात.

या साऱ्या वादात एक तिसरा माणूस असतो, ज्याची कोणत्याच नावावर निष्ठा नाही. तो चौकातल्या गल्लीतून चिकनच्या कापडाचे गाठोडे घेऊन पायी चाललेला असतो. अमेरिकेतील महामार्ग सुरक्षा विमा संस्थेच्या २०२३च्या अभ्यासानुसार, ज्या वाहनांच्या बॉनेटची उंची ४० इंचांहून अधिक असते त्यांची धडक पादचाऱ्याला प्राणघातक ठरण्याची शक्यता ३० इंचांपर्यंतच्या, उतरत्या नाकाच्या वाहनांपेक्षा सुमारे ४५ टक्क्यांनी जास्त असते. मालकाला जो रुबाब वाटतो तो या माणसाच्या छातीच्या उंचीवर येतो. ‘पहले आप’ म्हणण्याची रीत ज्या शहराने जगाला सांगितली, तेथे रस्ता कोणी कोणाला द्यायचा हा प्रश्न आता बॉनेटच्या उंचीने सुटू लागला आहे. चारचाकीची तुलना करताना इंजिन, आसने, तारे यांची यादी होते. बाहेरच्या माणसाचे काय होईल, हा रकाना क्वचितच भरला जातो.

अत्तराच्या दुकानातील निष्ठा निर्दोष होती असे नव्हे. तेथेही फसवणूक होत असेल. पण तेथे विचारण्याची सोय होती आणि विचारणे हा सौजन्यभंग मानला जात नव्हता. कारखान्याच्या नावाशी जडलेल्या निष्ठेत ही सोय आपोआप मिळत नाही. ती मालकाला मिळवावी लागते, पुष्कळदा आपल्याच गोटातल्या लोकांची नाराजी पत्करून. दोन पिढ्या एकाच नावाची गाडी दारात असणाऱ्या घराचा शब्द कंपनीच्या दारी नव्या गिऱ्हाइकाच्या शब्दापेक्षा जड असतो. तो शब्द प्रतिस्पर्ध्याला हिणवण्यात खर्चावा, की गाडीच्या आत बसलेल्यांच्या आणि गाडीसमोरून चालणाऱ्यांच्या वतीने वापरावा, हे ठरवणे त्या घराच्या हाती आहे. निष्ठेने मिळवलेला हा अधिकार न वापरता पडून राहिला, तर निष्ठा आणि सवय यांत भेद करण्यास काही कारण उरत नाही.