रिकामा बोअर

माजरीत दुपारी खदानीत ब्लास्टिंग झालं की घराघरातली भांडी वाजतात. त्या आवाजाकडे लक्ष न देता दहावीतली नात भाषण पाठ करत होती. शाळेतल्या वादविवादाचा विषय होता, ‘अणुसंमीलनाच्या संशोधनावर सरकारने खर्च करावा का?’ तिच्या वाट्याला विरोधी बाजू आली होती.

“आबाजी, ऐका,” ती म्हणाली. “सूर्यात हायड्रोजन एकत्र येऊन ऊर्जा निघते, तसं पृथ्वीवर करायचं. 1955 मध्ये जिनिव्हाच्या परिषदेत अध्यक्षपदावरून होमी भाभा म्हणाले, वीस वर्षांत याची रीत सापडेल. गांधीनगरजवळच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत ‘आदित्य’ यंत्र 1989 मध्ये सुरू झालं. फ्रान्समधल्या ‘ईटर’ प्रकल्पात भारताचा सुमारे 9 टक्के वाटा आहे. एवढं करून या ऊर्जेच्या विजेवर एक बल्ब लागला नाही. मग पैसा कायले द्यायचा?”

आबाजी तरुणपणी कोळसा शोधणाऱ्या बोरिंगच्या टोळीत मजूर होते. ते म्हणाले, “आम्ही एकदा कितीतरी दिवस एक बोअर मारला. कोळसा लागलाच नाही.”

“साहेब रागावले असतील.”

“नाही. त्यांनी पेटी मागितली.”

“कसली पेटी?”

“लाकडी, लांबट. जमिनीतून निघालेल्या दगडाच्या कांड्या तिच्यात ओळीनं मांडायच्या आन् कोणती कांडी किती खोलीवरची, ते लिहून ठेवायचं. त्या रिकाम्या बोअरच्या पेटीवरून साहेबांना कळलं, कोळशाची सीम कुठं संपते. पुढचा बोअर अलीकडं मारला, तिथं कोळसा लागला. पेटी फेकली असती, तर सारा पैसा मातीत गेला असता.”

नातीनं वही बाजूला ठेवली.

“ही खदान माझ्या डोळ्यांदेखत खोल गेली, पोरी. काढलेला कोळसा पुन्हा उगवत नाही. तुझ्या लेकरांसाठी आजच कुठं तरी बोअर मारावा लागेल. पण तू त्या लोकांची पेटी पाहिली का?”

तिनं पाहिली नव्हती. मग ती शोधायला बसली. गांधीनगरच्या ‘एसएसटी-1’ यंत्रात जोडणीनंतर दोष निघाले, ते यंत्र सुटं करून पुन्हा उभारावं लागलं आणि 2013 मध्ये त्यात पहिला प्लाझ्मा मिळाला. ‘ईटर’ला वेढणारं सुमारे 30 मीटर उंचीचं पोलादी भांडं भारतानं दिलं, त्याचे भाग गुजरातेत हजिऱ्याला घडले. डिसेंबर 2022 मध्ये अमेरिकेत संमीलनाच्या एका प्रयोगात लेझरच्या 2.05 मेगाज्यूल ऊर्जेतून 3.15 मेगाज्यूल ऊर्जा निघाली. मात्र लेझर चालवायला त्याहून कितीतरी जास्त वीज लागली. हेही तिनं लिहून घेतलं.

स्पर्धेत ती विरोधी बाजूनंच उभी राहिली, पण तिचा विरोध आता खर्चाला नव्हता. ती म्हणाली, “आंधळेपणानं पैसा देण्याला माझा विरोध आहे. सरकारनं पैसा द्यावा, आणि दरवर्षी पेटी उघडून दाखवायला सांगावं: किती खोल गेलात, काय लागलं, काय लागलं नाही. वीस वर्षांचं वचन मागू नये, नोंद मागावी.”

तात्पर्य: पुढच्या पिढीसाठी केलेल्या खर्चाला धीर हवा आणि हिशेबही हवा. अपयशानं पैसा बुडत नाही. अपयशाची नोंद न ठेवल्यानं बुडतो.