शहात्तर दिवस

गेल्या वर्षी आमच्या घरी पाच मासे मेले. धाकट्या दिरांच्या मुलाची ही हौस. खाऱ्या पाण्याची चार फुटी टाकी, विकतचं मीठ मोजून कालवलेलं पाणी, दिव्यांची वेगळी सोय. बेळगावात बसून समुद्र सांभाळायचा म्हणजे काय, ते आमच्या वीजबिलाला विचारा! एके दिवशी त्यानं शेवाळ खाणाऱ्या चार गोगलगायी आणि मऊ पोवळ्याचा एक तुकडा आणला आणि संध्याकाळी सगळं सरळ टाकीत सोडलं. दहा-बारा दिवसांनी निळ्या माशाच्या अंगावर मिठाचे कण शिंपडावेत तसे पांढरे ठिपके दिसले. मग एकेक करून पाच गेले. दोन उरले.

"काकू, त्या गोगलगायींनी आणलं," तो म्हणाला. मी पाहिलं तर त्या काचेवर मजेत चरत होत्या.

रोग त्यांना झालेलाच नव्हता. क्रिप्टोकॅरिऑन नावाचा हा डोळ्यांना न दिसणारा जीव. माशाच्या कातडीत काही दिवस पोसतो, मग गळून पडतो आणि दगड, शंख, पोवळ्याचं बूड, जे कठीण मिळेल त्याला चिकटून स्वतःभोवती कवच करतो. आत त्याचे शेकडो होतात. कवच फुटलं की त्या पिल्लांना एक-दोन दिवसांत मासा सापडला पाहिजे, नाही तर ती मरतात. कवचं मात्र कधी लवकर फुटतात, कधी कित्येक आठवड्यांनी. म्हणून हौशी मंडळी शहात्तर दिवस धरून चालतात. नवी गोगलगाय, नवं पोवळं तेवढे दिवस मासे नसलेल्या टाकीत ठेवायचं. माशांच्या रोगावर तांब्याचं औषध चालतं, पण तेच औषध गोगलगायींना आणि पोवळ्यांना मारतं. त्यामुळे त्यांच्यासाठी औषध नाही. नुसती वाट पाहायची.

आमच्याकडे उशिरा का होईना, तेच करावं लागलं. उरलेले दोन मासे वेगळ्या टाकीत औषधात ठेवले आणि मोठी टाकी माशांविना तशीच चालू ठेवली. आषाढाची सुरुवात होती. पुतण्या कामासाठी बाहेरगावी असायचा, म्हणून पोवळ्याला खाऊ घालणं आणि कॅलेंडरवर खुणा करणं माझ्याकडे आलं. सासूबाईंनी एकदा विचारलं, "अगं, टाकी रिकामी, मग रोज मोजतेस काय?" मी सांगितलं, की रोगाचे जीव उपाशी मरायची वाट बघतोय. त्या जपमाळ थांबवून म्हणाल्या, "म्हणजे चातुर्मासात उपास त्यांना घडवतेयस म्हण की!"

त्या हसत होत्या, पण मला हसू येईना. अहिंसाणुव्रताचे अतिचार लहानपणी बस्तीत पाठ केलेले. त्यात जनावराला बांधून ठेवणं आहे आणि त्याचं अन्नपाणी तोडणंही आहे. काचेच्या पेटीत आम्ही दोन्ही करत होतो. स्वतःहून केलेल्या उपवासाला तप म्हणतात. दुसऱ्यानं लादलेल्या उपासमारीचं पुण्य लादणाऱ्याला कुठून मिळणार?

मनानं लगेच वकिली सुरू केली. ही विरोधी हिंसा, बचावासाठीची. गृहस्थाला तिची पूर्ण सूट नसली तरी तिचा त्याग त्याच्याकडून धरलेला नाही. मासा पंचेंद्रिय, तो वाचवायचा. हिशेब बरोबर वाटला. मग लक्षात आलं, की शेजारच्या टाकीत आम्ही तेच जीव तांब्यानं उघड मारत होतो आणि तिथे मला काहीच टोचलं नव्हतं. बाटलीतल्या औषधाला आपण उपचार म्हणतो, त्यामुळे तिथे प्रश्नच उभा राहत नाही. उपासमार दिवस मोजून करावी लागते, म्हणून ती दिसते.

आणि बचाव तरी कुणापासून? उघड्या समुद्रात त्या पिल्लांपैकी बहुतेकांना मासा भेटतच नाही. चार फुटांच्या पेटीत मात्र चुकवायला जागा नाही. आजार तिथे वणव्यासारखा पसरतो, कारण भिंती आम्ही घातल्या. किल्ला आपणच बांधायचा आणि वेढा पडला म्हणून बचावाची सूट मागायची, हे काही मला पटेना.

गोगलगायीचं वेगळं. तिचा गुन्हा नाही, तरी शहात्तर दिवस तिनं बाजूला का राहायचं? पण याला मी शिक्षा मानत नाही. चौदाव्या शतकात रागुसा बंदरानं, म्हणजे आजच्या दुब्रॉव्हनिकनं, साथीच्या भागातून येणाऱ्यांना तीस दिवस बाहेर थांबवायचं ठरवलं, ते १३७७ साली. पुढे त्याचे चाळीस झाले आणि त्या इटालियन चाळीसवरून क्वारंटाइन हा शब्द आला. थांबणाऱ्यावर आरोप नव्हता. माझी आजी सांगायची, प्लेगात लोक घरं सोडून माळावर झोपड्यांत राहायचे. दोष असायचा तो त्या झोपड्यांत भाकरी न पोचवणाऱ्यांचा. गोगलगायीला वेगळं ठेवलं तर तिला शेवाळ पुरवणं आपल्याकडे लागलं, एवढंच.

त्या पाच माशांचं मात्र मला समाधान करून घेता आलेलं नाही. आपल्याकडे हिंसेचं मूळ प्रमादात सांगितलंय. पुतण्याला कुणाला मारायचं नव्हतं. त्याला फक्त त्याच संध्याकाळी पोवळं दिव्याखाली बघायचं होतं. वेगळ्या टाकीबद्दल त्यानं वाचलेलंही होतं. "इतके दिवस कोण थांबणार, काकू?" असं तो मला म्हणाला होता आणि मीही "हो रे, बघू तरी कसं दिसतं" म्हणाले होते. (हे घरात अजून कुणाला माहीत नाही.)

अनंत चतुर्दशीनंतर दोन-तीन दिवसांनी खुणा पुऱ्या झाल्या. दोन मासे परतले, अजून आहेत. मी पुतण्याला सांगितलं, आहेत ते सांभाळ, नवीन जीव आणू नकोस. त्यानं वर्षभर ऐकलं. गेल्या महिन्यात तो दोन गोगलगायी घेऊन आला. निदान यावेळी लहान टाकी आधी तयार होती, मागच्या सज्जात.

तिचं थोडं पाणी अधूनमधून बदलावं लागतं. आमच्या माहेरी पाणी गाळलं की फडक्यावरचे जीव, ज्या विहिरीचं पाणी त्याच विहिरीत परत सोडायचे. आई त्यासाठी उन्हातान्हात पुन्हा विहिरीवर जायची. हे खारं पाणी झाडांना चालत नाही, मोठ्या टाकीत तर घालायचंच नाही, आणि समुद्र इथून शंभर किलोमीटरच्या पुढे. पहिल्या दिवशी मी बादली हातात धरून पुतण्याला विचारलं, हे ओतू कुठे? "मोरीत," तो म्हणाला, "गोड्या पाण्यात ते लगेच मरतात." बादली जड होती. मी ती तिथेच खाली ठेवली, आणि संध्याकाळी त्यानंच ओतली.